कोरा रकाना

विद्यार्थ्यांच्या आधी शिक्षकांनी गळ्याला पट्टी लावायची, हा हट्ट डॉ. नीलाक्षी देवतळे यांचाच.

"आपण पोरांना सांगणार, एकमेकांशी मोकळेपणी बोला. मग आधी आपण करून दाखवायला नको?" त्या बैठकीत म्हणाल्या होत्या. "आणि पडद्यावर जे येईल ते जसंच्या तसं दाखवायचं. गाळायचं काही नाही. आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?"

चंद्रपूरच्या बाहेर, औष्णिक वीजकेंद्राच्या वाटेवरच्या त्या वैद्यकीय विद्यापीठात नीलाक्षीबाई एकोणीस वर्षं प्रसूतिशास्त्र शिकवत होत्या. २०४१ साली तिथे 'एकत्र सराव' सुरू झाला, तोही त्यांच्याच खटपटीने. त्याआधी डॉक्टरकीची मुलं एका इमारतीत शिकायची, नर्सिंगच्या मुली दुसऱ्या, फार्मसीवाले तिसऱ्या. सगळ्यांची पहिली गाठ पडायची ती थेट रुग्णाच्या खाटेशी, आणि तोवर कोणी कोणाला हुकूम सोडायचा आणि कोणी मान हलवायची हे ज्याच्या त्याच्या अंगात मुरलेलं असायचं. नीलाक्षीबाईंना ते मोडायचं होतं. त्यांनी तिन्ही शाखांचे गट केले, खोटा वॉर्ड उभारला, श्वास घेणारे, रक्त सांडणारे, कण्हणारे पुतळे आणले. दोन वर्षांनी पट्टी आली.

पट्टी मुळात वेगळ्याच माणसांसाठी बनली होती. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यापायी घशाचा कर्करोग होऊन ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं, अशी माणसं विदर्भात कमी नव्हती. आवाज गेला तरी बोलण्याची आज्ञा मेंदू देतच राहतो. जिभेच्या मुळाशी, हनुवटीखाली, मानेच्या स्नायूंत त्या आज्ञेची अगदी बारीक विद्युत लहर उमटते. बोटभर रुंदीची ती पातळ पट्टी गळ्याला चिकटवली की ती लहर टिपायची, आणि पंधरा दिवस त्या माणसाची बोलण्याची ढब शिकून घेतलेला संगणक तिचे शब्द करायचा. मुके झालेले लोक पुन्हा घरच्यांशी भांडू लागले.

मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की धडधाकट माणूस एखादं वाक्य बोलायला जातो आणि ऐनवेळी आवरतो, तेव्हाही तीच लहर उमटते. मनात येणारे सगळे विचार पट्टीला कळत नाहीत. मनात आलेलं बहुतेक सगळं गळ्यापर्यंत पोचतच नाही. जे वाक्य जिभेवर येऊन परत फिरलं, तेवढंच तिला कळतं. एकत्र सरावाला दुसरं काय हवं होतं? इस्पितळातल्या कितीतरी चुका कोणालाच न कळल्यामुळे होत नाहीत. कोणाला तरी कळलेलं असतं आणि ते माणूस गप्प बसतं, तिथे घात होतो.

त्या बुधवारी सकाळी दीडशे विद्यार्थी सभागृहात बसले होते. समोर काचेपलीकडे खोटा वॉर्ड. खाटेवर पुतळा, आत्ताच बाळंत झालेल्या बाईचा. नीलाक्षीबाईंबरोबर सिस्टर यमुना कुमरे होत्या. बावीस वर्षं प्रसूतिगृहात काढलेल्या, आता नर्सिंगच्या शिक्षिका. दोघींनी मिळून किती बाळंतपणं केली असतील, त्याचा हिशेब दोघींकडेही नव्हता. औषधं द्यायला फार्मसीचे चहांदे सर. तिघांच्या गळ्याला पट्ट्या. सरावात काय घडणार हे यंत्रच ठरवणार होतं, तिघांपैकी कोणालाही आधी ठाऊक नव्हतं.

पुतळ्याला रक्तस्राव सुरू झाला.

नीलाक्षीबाई कामाला भिडल्या. बाळंतपणानंतर रक्त थांबेना, की बहुतेक वेळा गर्भाशय सैल पडलेलं असतं. ते चोळून, इंजेक्शनं देऊन आकसायला लावायचं. हात आपोआप चालले. "ऑक्सिटोसिन लावा. सलाईनची दुसरी लाईन घ्या. सिस्टर, बीपी?" सिस्टर आकडे सांगत होत्या, चहांदे औषधं पुढे करत होते. चार मिनिटांनी रक्त तसंच वाहतंय हे पाहून नीलाक्षीबाई थांबल्या, त्यांनी खाली तपासलं, आणि गर्भाशयाच्या तोंडाशी मोठी चीर सापडली. टाके घातले. पुतळा वाचला. सभागृहात टाळ्या वाजल्या.

बाई हातमोजे काढत असतानाच पडद्यावर अक्षरं येऊ लागली. तीन नावांखाली तीन रकाने.

चहांदे सरांच्या रकान्यात एक ओळ होती: 'हा डोस दुसऱ्यांदा जातोय, विचारू का?' सिस्टर कुमरेंच्या रकान्यात तीन.

'मॅडम, गर्भाशय तर घट्ट लागतेय. सैल नाही.' — पहिलं मिनिट.

'मॅडम, खाली फाटलं असेल. बघा ना जी एकदा.' — दुसरं मिनिट.

'ऋतुजा डाखरे. तेव्हाबी असंच. तेव्हाबी हेच केलं होतं मॅडमनं.' — तिसरं मिनिट.

आणि 'डॉ. देवतळे' या नावाखालचा रकाना कोरा होता. त्यांनी काहीच गिळलं नव्हतं. जे मनात आलं, ते बोलून मोकळ्या झाल्या होत्या.

टाळ्या कधी विरल्या, कोणालाच कळलं नाही. नीलाक्षीबाई पडद्याकडे बघत राहिल्या. ऋतुजा डाखरे हे नाव त्यांना लगेच आठवलं, त्याचंच त्यांना आधी आश्चर्य वाटलं. नऊ वर्षं झाली होती. पहिलटकरीण. प्रसूतीनंतर रक्तस्राव, दीड तासात संपली. मृत्यूच्या चौकशीत लिहिलं गेलं होतं: उपचारांना दाद न देणारा रक्तस्राव.

सिस्टर कुमरेंनी गळ्याची पट्टी ओरबाडून काढली. आता ती काढून काय होणार होतं!

सभागृहात पाचव्या रांगेत एक मुलगी उभी राहिली. फार्मसीची, दुसऱ्या वर्षाची, तनुश्री झाडे. नीलाक्षीबाई तिला ओळखत होत्या. शंका विचारणारी हुशार पोर.

"मॅडम," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, वर्गात विचारावा तसा. "ऋतुजा डाखरे माझी ताई. मी अकरा वर्षांची होते. तेव्हा काय केलं होतं तुम्ही?"

दीडशे मुलं वळून तिच्याकडे बघू लागली. नीलाक्षीबाईंनी बोलायला तोंड उघडलं. त्यांच्या गळ्याला पट्टी अजून होती, पण टिपायला तिला काही मिळालं नसतं.

तनुश्रीने दप्तर उचललं आणि ती बाहेर पडली.

*

कपडे बदलण्याच्या खोलीत सिस्टर बाकावर बसल्या होत्या. नीलाक्षीबाईंनी दार लावलं.

"नऊ वर्षं," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं रोज माझ्यासोबत चहा घेतला तुम्ही, सिस्टर. तुम्हाला कळलं होतं की चीर आहे, आणि तुम्ही एक शब्द बोलल्या नाहीत? बाई मेली हो आपल्या हाताखाली!"

सिस्टरांनी मान वर केली. "बोलले होते जी."

"काय?"

"त्या दिवशी बोलले होते. दोनदा. पहिल्यांदा म्हटलं, मॅडम, गर्भाशय घट्ट आहे. तुम्ही ऐकलं नाही. मग म्हटलं, फाटलं असेल, बघता का? तुम्ही म्हणालात, 'सिस्टर, मला माझं काम करू द्या.' सगळ्यांसमोर." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "त्याच्यानंतर नाही बोलले. आज नाही, काल नाही. वाक्य येते इथपर्यंत आन परत जाते. मलेही वाटलं होतं, आता येतच नसेल. त्या पट्टीनं दाखवलं."

नीलाक्षीबाई आठवायचा प्रयत्न करू लागल्या. ती खोली आठवली. ऋतुजाच्या हातातल्या हिरव्या बांगड्या आठवल्या, लाईन घेताना दोन फुटल्या होत्या. स्वतःचे मनगटापर्यंत माखलेले हात आठवले. सिस्टरांचा आवाज मात्र त्या चित्रात कुठेच नव्हता. ऐकून न ऐकल्यासारखं केलं, असंही नव्हतं. तो आवाज त्यांच्या कानांत शिरलाच नव्हता.

"मी असं म्हणाले?" त्यांनी विचारलं. "मी?"

"तुम्ही रागीट नाही जी. सगळ्यांहून चांगल्या आहात तुम्ही. म्हणून तर कोणी बोललं नाही."

नीलाक्षीबाईंना खरंच वाटेना. सिस्टर स्वतःला सोडवायला आता काहीतरी रचून सांगत असतील, हा विचार डोक्यात आला आणि त्याची त्यांना लाज वाटली. पण तो गेला नाही. त्या दिवशी खोलीत तिसरं माणूस होतं, इंटर्न फैजान शेख. तो आता गोंदियाला स्वतःचं प्रसूतिगृह चालवत होता. नीलाक्षीबाईंनी तिथल्या तिथे त्याला फोन लावला आणि सिस्टरांकडे पाठ करून विचारलं. काही सुचवलं नाही, फक्त त्या दिवशी खोलीत कोण काय बोललं ते विचारलं.

कोणता दिवस ते फैजानला सांगावं लागलं नाही.

"मॅडम, खरं सांगू?"

"त्यासाठीच फोन केलाय."

"कुमरे सिस्टर दोनदा बोलल्या होत्या. तुम्ही त्यांना गप्प केलं. गर्भाशय घट्ट असल्याचं मीपण हात लावून पाहिलं होतं, मॅडम. मला वाटलं, एवढ्या मोठ्या मॅडमला कळत नसेल का? मी इंटर्न, माझंच चुकत असेल. मी अजून प्रत्येक बाळंतपणात आधी सिस्टरला विचारतो, तुला काय दिसतंय. ते तुमच्यामुळेच शिकलो. म्हणजे... त्या दिवसामुळे."

फोन ठेवल्यावर नीलाक्षीबाई वॉश बेसिनला धरून उभ्या राहिल्या. त्या दिवशी खोलीत तिघं होते. तिघांपैकी दोघांना उत्तर ठाऊक होतं. ज्या एकीला ठाऊक नव्हतं, तिच्याच हातात रुग्ण होती.

*

अधिष्ठाता डॉ. रहांगडाले यांनी दुपारीच बोलावून घेतलं. भला माणूस, पण घाबरलेला.

"नोंद पुसून टाकतोय," ते म्हणाले. "सरावात टिपलेलं सरावाबाहेर वापरायचं नाही, असं संमतिपत्रातच आहे. झाडेच्या मुलीला समजावू. दुःखात आहे बिचारी."

"आणि ऋतुजा?"

"देवतळे मॅडम, नीट विचार करा. ती नोंद बाहेर गेली तर कोण अडकेल? तुम्ही नाही. तुमचा रकाना कोरा आहे. तुम्ही प्रामाणिकपणे चुकलात, वैद्यकात ते घडतं. अडकतील कुमरे सिस्टर. त्यांना माहीत होतं, हे त्यांच्याच गळ्याने कबूल केलंय. वकील विचारेल, माहीत होतं तर गप्प का बसलात?" त्यांनी टेबलावरचा कागद पुढे सरकवला. "आत्ताच तीन इस्पितळांनी पत्र दिलंय. त्यांना ही पट्टी सरावापुरती नकोय, प्रत्येक पाळीत, प्रत्येक कर्मचाऱ्याला हवीय. सगळ्यांना एकच दिसतंय, की जो गप्प राहिला तो सापडतो. ज्याने गप्प केलं, त्याची नोंद कोणतंच यंत्र घेत नाही."

शेवटचं वाक्य ते सहज बोलून गेले होते. नीलाक्षीबाई मात्र जागच्या जागी खिळल्या. ज्या यंत्राचं आपण वर्षभर कौतुक केलं, ते आपल्यालाच निर्दोष ठरवत होतं, आणि इतकी वर्षं आपल्या शेजारी उभ्या राहिलेल्या बाईला गुन्हेगार.

त्यांनी तिथेच कागद मागून घेतला आणि लिहायला बसल्या. ऋतुजा डाखरे यांच्या प्रसूतीच्या वेळी सिस्टर यमुना कुमरे यांनी योग्य निदान मला दोनदा मोठ्याने सांगितलं होतं. मी ते ऐकलं नाही आणि त्यांना बोलण्यापासून थांबवलं. मला हे आठवत नाही. पण दोन साक्षीदारांना आठवतं, आणि मी ते नाकारत नाही. चौकशी पुन्हा उघडावी. खाली सही केली.

"आठवत नाही त्याची कबुली देताय?" रहांगडाले थक्क झाले. "असं कोणी करतं का?"

"आठवत नाही, हाच तर गुन्हा आहे, सर."

*

रविवारी नीलाक्षीबाई वरोऱ्याला, तनुश्रीच्या घरी निघाल्या, तेव्हा फाटकाशी सिस्टर कुमरे उभ्या होत्या. इस्त्रीची साडी, हातात पर्स. सरळ गाडीत येऊन बसल्या. भद्रावती मागे पडली. मग सिस्टर म्हणाल्या, "वळण पुढे आहे, मॅडम. तुम्ही सरळ चालल्या." नीलाक्षीबाईंनी लगेच गाडी कडेला घेतली, नीट विचारून घेतलं आणि वळवली.

तनुश्रीने दार उघडलं. तिने आईला सगळं सांगितलं असणार, कारण छायाबाई झाडे ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या आणि त्यांनी वळूनही पाहिलं नाही. खोलीत एक नऊ वर्षांची मुलगी नकाशात रंग भरत होती. नीलाक्षीबाईंनी ऋतुजाच्या त्या मुलीला जन्मताना उलटं धरून रडवलं होतं.

"अन्वी, जा, शेजारच्या मावशीकडे खेळ," छायाबाई म्हणाल्या. मुलगी गेली.

नीलाक्षीबाई बसल्या नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं. चीर होती. ती शिवली असती तर ऋतुजा बहुधा वाचली असती. सिस्टरांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मी लिहून दिलंय, चौकशी होईल, माझा डॉक्टरकीचा परवाना कदाचित जाईल. माफी मागायला आले, पण तुम्ही ती द्यावी असं मी म्हणत नाही.

छायाबाई आता वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर नीलाक्षीबाईंना अपेक्षित होता तो राग नव्हता. कोड्यात पडल्यासारखा भाव होता.

"मंग उशीर?" त्यांनी विचारलं.

"कसला उशीर?"

"उशीर झाला म्हणून मेली ना माह्यी पोरगी?"

"नाही. उशीर झाला नव्हता. ती वेळेत आली होती."

"तुम्हीच म्हणाल्या होत्या!" छायाबाईंचा आवाज चढला. "दारात. हात पुसत बाहेर आल्या आन म्हणाल्या, 'दोन तास आधी आणायला पाहिजे होतं.' एवढंच म्हणाल्या, आन गेल्या."

हेही नीलाक्षीबाईंना आठवत नव्हतं. पण हे वाक्य त्यांचंच होतं, ते त्यांना लगेच ओळखू आलं. आजवर कितीतरी दारांत, कितीतरी नातेवाइकांना त्यांनी ते सांगितलं असेल. त्यात कोणाला दोष द्यायचा नसे. काहीतरी बोलायला हवं म्हणून तोंडातून निघायचं. अनेकदा खरंही असायचं. ऐकणारी माणसं ते घरी नेऊन काय करतात, याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता.

"जावई प्रफुल्ल खाणीत होता," छायाबाई सांगू लागल्या. "माजरीच्या खाणीत, खाली. खाली तेव्हा फोन लागत नव्हता. पाळी सुटल्यावर गाडी घेऊन आला, मंग नेलं तिले. दोन तास. मी मोजले होते. तुम्ही म्हणाल्या तेवढेच भरले." त्या खाली बसल्या. "त्याले मी पुन्हा उंबऱ्यात येऊ दिलं नाही. लेकरू ठेवून घेतलं. म्हटलं, तू मारली माह्यी पोरगी. पंचायतीसमोर म्हटलं. त्यानं एक शब्द उलटून काढला नाही. पोरीच्या वाढदिवसाले येते अजून. पानठेल्याजवळ उभा राहते, लांबून पाहते, आन जाते. पोरीले माहीतबी नाही का तो कोण."

सिस्टर कुमरे पुढे झाल्या आणि छायाबाईंच्या शेजारी जमिनीवर बसल्या. तनुश्री भिंतीला टेकून उभी होती.

"मी पण त्याच्याशी बोलले नाही," ती म्हणाली. "भाऊजी दरवर्षी मला मेसेज करतात, अभ्यास कर म्हणून. मी कधी उत्तर दिलं नाही."

बाहेर अन्वीचा आणि कोणाचा तरी हसण्याचा आवाज आला. छायाबाईंनी दाराकडे पाहिलं, मग तनुश्रीकडे.

"नंबर आहे त्याचा?"

"आहे."

"लाव."

तनुश्रीने फोन लावला आणि आईपुढे धरला. छायाबाईंनी हात मागे घेतला.

"मी काय बोलू? कोणत्या तोंडानं बोलू?" त्यांनी नीलाक्षीबाईंकडे बोट केलं. "यांनी सांगितलं होतं, यांनीच सांगावं."

रिंग जात होती. नीलाक्षीबाईंनी फोन हातात घेतला. पलीकडे यंत्रांचा गडगडाट, आणि त्यातून एका माणसाचा दचकलेला आवाज आला.

"हॅलो? तनू? अन्वी बरी आहे ना?"

"अन्वी बरी आहे. प्रफुल्ल, मी डॉक्टर देवतळे बोलतेय. ऋतुजाची डॉक्टर." त्यांनी श्वास घेतला. "तुम्ही तिला वेळेवर आणलं होतं. उशीर तुम्ही केला नव्हता. ती माझ्या चुकीने गेली."

पलीकडचा गडगडाट लांब गेला, दार ओढून घेतल्यासारखा.

"परत सांगा मॅडम," तो माणूस म्हणाला.

त्यांनी परत सांगितलं.